वरचा चेहरा

ट्रोब्रिज, १२ मे १७७६

साबिना,

तुझं पत्र पोचलं. लग्न झालं, डब्लिनला आहोत, तब्येत बरी आहे, मागावर कुणाला पाठवू नका. चार ओळी. धोबिणीला निरोप लिहितानासुद्धा तू याहून जास्त लिहायचीस.

मी मात्र मनसोक्त लिहिणार आहे. टपालाचे पैसे पत्र घेणाऱ्याला भरावे लागतात, तेव्हा माझ्या रागाचा खर्च तूच सोस.

तू गेल्यावर इथे काय झालं हे तू विचारलेलं नाहीस, म्हणून सांगते. तुझे बाबा ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं. ते तडक रंगारखान्यात गेले आणि सुरेख निळं उतरलेलं कापड पुन्हा काळ्या रंगात बुडवायला लावलं. रंगाऱ्यांनी एकमेकांकडे बघितलं, पण मालकाला विचारणार कोण? आता कोठारभर काळं कापड पडलं आहे आणि यंदा राजघराण्यातलं कुणी गेल्याशिवाय ते खपायचं नाही.

तुला मागणी घालणाऱ्या लुडवेलांना आम्ही आधी कळवलं, की साबिनाला ताप आहे. मग कळवलं, की हवापालटाला गेली आहे. तोवर त्यांच्या सगळ्या फ्रूम गावाला ठाऊक झालं होतं, की हॅस्केल कापडवाल्यांची थोरली बाथच्या नाचघरात ओबो वाजवणाऱ्याबरोबर लग्न लावायला स्कॉटलंडला पळाली. तुझे बाबा त्याला पिपाणीवाला म्हणतात. म्हणजे म्हणायचे. आता त्याच्याबद्दल बोलत नाहीत आणि तुझ्याबद्दलही नाही.

आणि अशात काल मिस्टर पिनॉकचं पत्र आलं. तुझ्या चित्राचं आम्ही सगळे साफ विसरलो होतो. तो लिहितो, की मिस हॅस्केल यांचा चेहरा मनासारखा झाला आहे, आता झगा आणि हात तेवढे राहिले; तरी झगा पाठवावा आणि तो घालून बसायला त्यांच्याच अंगलटीचं कुणीतरी पाठवावं, कारण झगे चढवायच्या माझ्या लाकडी बाहुलीचा खांदा निखळला आहे. त्या भल्या माणसाला काहीच कळलेलं नाही. बाबांनी पत्र नाश्त्याच्या वेळी मोठ्याने वाचलं, घडी घातली आणि म्हणाले, "चेहरा खरवडून टाकायला सांग. तिथे हेस्टरचा बसवायचा. लुडवेल मंडळी सप्टेंबरअखेर मायकलमसच्या सणाला येतील तेव्हा चित्र भिंतीवर हवं."

लुडवेलांचा मुलगा आता हेस्टरला करायचं चाललं आहे, हे तुला यावरून कळलं असेलच. तुझ्या धाकट्या बहिणीने पावाला लोणी लावता लावता विचारलं, "म्हणजे बहिणीचा झगा, बहिणीची चौकट आणि बहिणीला सांगून आलेला मुलगा. केस तरी माझे असतील ना?"

मी हसले नाही. मला तेव्हा एवढंच दिसत होतं, की कुणीतरी सुरी घेऊन तुझं नाक खरवडतं आहे.

तुझी आई

*

बाथ, ३ जून

साबिना,

वरचा पत्ता बघून दचकू नकोस. माझ्या गुडघ्यासाठी डॉक्टरांनी इथलं पाणी प्यायला सांगितलं आहे.

इथे आलेच आहे तर चित्राचं कामही मार्गी लावावं, असं ठरलं. तुझा झगा मीच घालून बसते. हेस्टरला तो होत नाही. घालून बघितला तेव्हा पाठीचे बंद बांधायला जोन आणि मी दोघी भिंतीला पाय लावून ओढत होतो. मला मात्र झाला. कुठेही सैल करावा लागला नाही. तेव्हा आपल्या आईला म्हातारी म्हणताना पुढच्या वेळी विचार कर.

कच्च्या सफरचंदाच्या सालीचा तो हिरवा रंग तूच निवडला होतास. आयुष्यभर लोकर विकून खाणाऱ्या माणसाच्या मुलीने स्वतःचं चित्र फ्रेंच रेशमात काढून घ्यावं, म्हणून बाबा आठवडाभर तुझ्याशी बोलले नव्हते, आठवतं? पण रेशीम चांगलं आहे. खिडकीजवळ बसलं की घडीघडीतून उजेड ओघळतो. पिनॉक म्हणतो, एकेक घडी रंगवताना त्याला भूक लागल्यासारखं होतं. कोपरापाशी तीन पदरी झालर आहे, तिच्यावर तो अख्खा दिवस घालवणार आहे.

केस कुणी बघणार नसले तरी तसे बांधून घ्यावे लागतात, म्हणजे मान ताठ राहते. केस रचणारा माणूस आला. त्याने माझ्या डोक्यावर लोकरीची उशी ठेवली, तिच्यावर माझे केस चढवले, चरबी चोपडली आणि पिठाने पांढरे केले. दारातून जाताना मला आता गुडघे वाकवावे लागतात. रात्री बसूनच झोपते. मी त्याला विचारलं, "ही लोकर कुठली हो?" तर म्हणाला, "विल्टशरची, मॅडम, एक नंबर." म्हणजे नवऱ्याचा धंदा आता माझ्या डोक्यावर बसला आहे.

पिनॉक बडबड्या आहे. त्याचा दात दुखतो, छप्पर गळतं आणि लंडनच्या चित्रकारांना काही येत नाही, हे मला पाठ झालं आहे. आज तो माझ्या हातांशी थबकला. म्हणाला, "मॅडम, बोटं जरा निमुळती करू का? गाठी दिसताहेत."

मी म्हटलं, "आहेत तशी काढा."

"पण मिस हॅस्केलांचे हात असे नव्हते."

"नव्हते. पण होतील."

बिचाऱ्याला वाटलं, मी रागावले. रागावले नव्हते. त्याचं लक्ष कुंचले धुण्याकडे गेलं तेव्हा मी उठून चित्राच्या समोर गेले आणि तुला बघितलं. सगळीकडे नुसता तपकिरी रंग आणि खडूच्या रेघा, आणि मधोमध तू. डावी भुवई किंचित वर, काही बोलायच्या आधी तुझी असते तशी. कानात आजीचा मोती. ओठ मिटलेले, पण हसू दाबलेलं. पिनॉकला चित्रकला येते, एवढं मी कबूल करते.

गुडघ्याचं म्हणशील तर मी अजून पाण्याचा एक पेलाही प्यायले नाही. गुडघ्याला काही झालेलंच नाही. आता समजलीस?

तुझी आई

*

बाथ, २४ जून

साबिना,

तुझं उत्तर मिळालं. या वेळी आठ ओळी. प्रगती आहे.

"खरवडू दे बाबांना. त्या चित्रातली बाई मी कधी नव्हतेच. लुडवेलांना दाखवायला मांडलेला तो माल होता." असं लिहिलंस. शिकलेली मुलगी आहेस, वाक्यं छान करतेस.

पण ते चित्र देऊन टाकायला तुझं नाही. तू बसलीस चार सकाळी, त्याही चुळबुळत. ज्या बाईच्या घरातून मुलगी निरोप न घेता गेली, तिच्याकडे आता मुलीचं काय उरलं आहे? एक तुटका कंगवा, नाचाचे बूट आणि पिनॉकच्या खोलीतला हा चेहरा. तो माल असो नाहीतर आणखी काही. माझा आहे.

झगा पूर्ण झाला. हातही झाले. पुढच्या सोमवारी हेस्टर यायची आहे आणि त्याआधी चेहरा काढायचा. काल पिनॉक हातात पातळ सुरी घेऊन चित्रासमोर उभा होता आणि दाढदुखीचं सोंग करत होता. शेवटी म्हणाला, "मॅडम, खरं सांगू? माझ्याच्याने होत नाही. एवढा चांगला चेहरा मला पाच वर्षांत जमलेला नाही."

"मग खरवडू नका. त्याच्यावरच रंगवा."

"तसं करता येतं. पण चार वर्षांनी खालची बाई वरच्या बाईतून डोकवायला लागते. गिऱ्हाईक मग घरी येऊन भांडतं."

मी त्याला विचारलं, की वरचा रंग पुढे कधी पुसून काढता येईल असा लावता येतो का? त्याने सुरी ठेवून दिली. मग सावकाश म्हणाला, की येतो. खालच्या चेहऱ्यावर व्हार्निशचा जाड थर द्यायचा, तो सुकला की वर रंगवायचं. पुढे स्पिरिटमध्ये चिंधी भिजवून हलक्या हाताने पुसलं, की व्हार्निश सुटतं आणि त्याच्याबरोबर वरचा रंगही. खालचा जुना, सुकलेला रंग तसाच राहतो. "मात्र फार दिवस थांबून चालत नाही," तो म्हणाला. "दोन-तीन हिवाळ्यांत वरचा रंग दगड होतो. मग वरचीला काढायला गेलं, की खालचीही जाते."

मी खुर्चीत बसून विचार केला. वर हेस्टरचा चेहरा आला तर काय होईल? तिचं लग्न त्याच चित्राखाली ठरेल, पुढे तिची मुलं त्याच्याकडे बोट दाखवून आई, आई म्हणतील. तो चेहरा मला कोण पुसू देईल? नवरीचा चेहरा कुणी पुसतं का? मीसुद्धा पुसणार नाही.

तेव्हा वर असा चेहरा हवा, की जो पुसला तर कुणाची तक्रार यायची नाही.

तसा या घरात एकच आहे.

पिनॉकला सांगितलं तर तो आधी हसला आणि मग त्याने रुमाल काढून नाक शिंकरलं. म्हणाला, "मिस्टर हॅस्केल परवानगी देतील?" ते माझ्यावर सोडा, म्हटलं. उद्या घरी जाते आहे.

हे पत्र वाचून जाळ.

तुझी आई

*

ट्रोब्रिज, ९ जुलै

साबिना,

दिली परवानगी.

रविवारी जेवणात मटण चांगलं भाजलं होतं, तो मोका साधला. म्हटलं, "अहो, त्या चित्रात हेस्टर नको. मी बसते."

बाबांची सुरी थांबली. "तू?"

"मी. अंग माझंच रंगवलंय, हात माझेच आहेत. नुसतं डोकं बदलायचं."

"या वयात?"

"हो, या वयात. आधीच्या वयात तुम्ही काढून घेतलं नाहीत. तुमचं आहे, तुमच्या वडिलांचं आहे, तुमच्या त्या काळ्या कुत्र्याचं आहे. माझं या घरात एकही नाही."

कुत्र्याचं ऐकून ते जरा वरमले. तरी म्हणाले, "आणि लुडवेल आले म्हणजे त्यांना काय दाखवायचं?"

तेव्हा हेस्टरने तोंड उघडलं. देव तिचं भलं करो. म्हणाली, "बाबा, त्यांच्या मुलाला दोन डोळे आहेत. मी खुर्चीत बसलेली असेन, त्याने माझ्याकडे बघावं. आणि साबिनाच्या मानेवर मी माझं डोकं ठेवणार नाही, तुम्ही मला काळ्या रंगात बुडवलंत तरी नाही."

तुझं नाव घेतलं गेलं, तशी बाबांनी ताटली बाजूला सारली आणि उठून गेले. पण दारातून मागे न बघता म्हणाले, "कर काय करायचं ते. रेशीम एवीतेवी रंगवून झालंय."

उद्या पुन्हा बाथ. पिनॉकने व्हार्निश देऊन ठेवलं आहे. तो म्हणतो, तुझ्या चेहऱ्यावर आता मधासारखी चमक आहे आणि तिच्यावर कुंचला टेकवायचं त्याच्या जिवावर येतं. मी म्हटलं, माझ्याही येतं, पण तुम्ही टेकवा.

तुला हे सगळं वेड्यासारखं वाटेल. मलाही अधूनमधून वाटतं.

तुझी आई

*

ट्रोब्रिज, २० ऑक्टोबर

साबिना,

चित्र जेवणघरात, शेकोटीच्या वर लागलं. मायकलमसला नाही जमलं, पिनॉकच्या दाताने खोडा घातला. लुडवेल आले आणि गेले. हेस्टरने आधी म्हटल्याप्रमाणे मुलाने तिच्याकडे बघितलं, आणि बघतच राहिला. जानेवारीत लग्न आहे.

चित्रातल्या बाईबद्दल गावाचं काय मत आहे, तेही ऐक. पाद्र्याची बायको चहाला आली होती. बराच वेळ बघून म्हणाली, "किती तरुण रंग आहे हो झग्याचा." म्हणजे तुम्ही नाही. डॉक्टर म्हणाले, "पन्नाशीची बाई विशीच्या थाटात बसलीये, धाडस लागतं." जोन धूळ झटकताना चित्राला गुडघे वाकवून नमस्कार करते आणि खुदखुदते. हसू दे. त्यांना सगळ्यांना वाटतं, टॅबिथा हॅस्केलला म्हातारचळ लागला. कुणाला खरं सांगता येत नाही, एवढीच काय ती शिक्षा.

मी बरी दिसते, खरं म्हणजे. पिनॉकने गाल फार भरले आहेत, पण डोळे माझे आहेत. अगदी जवळ जाऊन, खिडकीचा उजेड एका बाजूने पडला, तर माझ्या कानाच्या पाळीशी एक बारीक उंचवटा दिसतो. तो तुझा मोती. त्याने तिथे रंगाचा जाड ठिपका दिला होता, तो व्हार्निशखालीही दबला नाही. माझ्या कानात चित्रात काही नाही. कुणाच्या लक्षात येणार नाही.

आणि एक सांगू? तुझे बाबा बदलले आहेत. पूर्वी जेवण झालं, की मुनीमाशी बोलायला जायचे. आता खुर्ची ओढून शेकोटीसमोर बसतात आणि चित्राकडे बघत पाइप ओढतात. रोज. काल मी मुद्दाम आत डोकावले, तर पाइप विझला होता तरी बघत होते. इतक्या वर्षांच्या संसारानंतर कुणी आपल्याकडे असं बघितलं, की काय वाटतं ते तुला आत्ताच कळायचं नाही. मी दोन नव्या टोप्या शिवायला टाकल्या आहेत. हसू नकोस.

पण मूळ मुद्दा विसरू नकोस. एक हिवाळा आता सुरू होतो आहे. ये, पोरी. तुला लपून यायला लागलं तरी ये. ते बाजारात गेले, की मी चिंधी आणि बाटली काढते.

तुझी आई

*

ट्रोब्रिज, २७ जानेवारी १७७७

साबिना,

"बाबा बोलावतील तेव्हा येईन. दारामागून नाही. आणि क्लेमेंटला घेऊनच येईन." असं लिहिलंस, ठीक आहे. बाणा चांगला आहे. कुणाचा आहे ते आरशात बघ, नाहीतर इथे येऊन शेकोटीसमोरच्या खुर्चीत बघ.

तुझ्या क्लेमेंटला नाटकशाळेत जागा मिळाली, हे वाचून बरं वाटलं. ओलसर हवेत त्याच्या वाद्याच्या तोंडाशी असते ती जिभळी फुगते म्हणालीस, ती कोरड्या फ्लॅनेलमध्ये गुंडाळून ठेव. एक तुकडा सोबत पाठवते आहे. आपल्याच मागावरचा आहे.

हेस्टरचं लग्न झालं. चर्चमध्ये तुझी जागा रिकामी होती. कुणी तिथे बसायला गेलं, तर बाबांनी स्वतःची टोपी त्या बाकावर ठेवली. तिथे कुणी बसलं नाही.

मी दोन अडेलतट्टूंच्या मधे उभी आहे, आणि तिकडे भिंतीवर माझा रंग रोज थोडा थोडा घट्ट होतो आहे. मी बोटाने दाबून बघते. अजून नखाची खूण उमटते. पूर्वीइतकी नाही.

तुझी आई

*

ट्रोब्रिज, १४ एप्रिल १७७७

साबिना,

आधी खाली बस, मग वाच.

धुराडं साफ करायचं होतं, म्हणून शनिवारी दुपारी चित्र उतरवून खिडकीपाशी बाकावर टेकवून ठेवलं. त्याच्यावर टाकायला चादर आणायला मी वर गेले. परत येते तो काय, तुझे बाबा चित्रासमोर उभे. डोळे मिटलेले. आणि उजव्या हाताची बोटं माझ्या गालावरून फिरताहेत. कापड पारखताना ते कसे डोळे मिटतात, तुला ठाऊक आहे. डोळ्यांना रंग भुलवतो म्हणतात, बोटांना कुणी भुलवू शकत नाही.

"हात लावू नका," मी म्हटलं. "रंग खराब होईल."

"शू." बोटं कानापाशी आली आणि थांबली. "इथे मोती आहे."

"कुठे मोती? मी काही घातलेलं नाही."

"तेच म्हणतोय. तू घातलेला नाहीस, आणि इथे आहे."

"पिनॉकच्या कुंचल्याचा केस अडकला असेल."

त्यांनी डोळे उघडले. "टॅबी, दुहेरी विणीचं कापड मला कळत नाही, असं तुला वाटतं? वरच्या सुताखाली दुसरं सूत आहे. ते कुणाचं आहे तेही मला माहीत आहे. मोती माझ्या आईचा आहे."

माझ्या हातात चादर तशीच. म्हटलं, "कधीपासून?"

"टांगलं त्या दिवसापासून. चौकट सरळ करताना अंगठा लागला."

ऑक्टोबरपासून एप्रिलपर्यंत! सगळा हिवाळा! तो पाइप, ती खुर्ची, माझ्या दोन नव्या टोप्या!

"म्हणजे तुम्ही रोज संध्याकाळी माझ्याकडे बघत नव्हता."

ते जरा घुटमळले. मग प्रामाणिकपणे म्हणाले, "नाही गं."

साबिना, मी हातातली चादर त्यांच्या अंगावर फेकली. खरंच फेकली. मग मला रडू आलं आणि हसू आलं, दोन्ही एकदम, आणि ते डोक्यावर चादर घेऊन तसेच उभे राहिले, कारण मला वाटतं त्यांचंही तोंड बघण्यासारखं नव्हतं. चादरीखालून म्हणाले, "तुझे हात चांगले काढलेत. हातांकडे बघायचो मधून मधून."

अपमान तर झाला. पण मनातून काय वाटलं ते लिहिता येत नाही. एवढे महिने मला वाटत होतं, की या घरात तुला बघणारी मी एकटीच आहे.

पिनॉकने काय केलं आहे, ते मग मी सगळं सांगितलं. व्हार्निश, स्पिरिट, दोन-तीन हिवाळे. त्यांनी रंगाऱ्याच्या बारकाईने दोन-चार प्रश्न विचारले. आणि चादर घडी करून म्हणाले, "मग वाट कसली बघतेस? स्पिरिट रंगारखान्यात आहे. आत्ता पूस."

मी हो म्हणणार होते. जिभेवर आलंच होतं. त्या खिडकीच्या उजेडात तुझी भुवई बघायला मला किती हवी होती, तुला काय सांगू. पण त्यांच्या चेहऱ्याकडे बघितलं आणि मला कळलं. त्यांना चित्रातली मुलगी मिळाली, की खरी नकोशी होईल. रोज पाइप ओढत तिच्याकडे बघतील. ती भांडत नाही, ओबोवाल्याशी लग्न करत नाही. ती मरेपर्यंत त्यांना पुरेल.

म्हटलं, "नाही."

"नाही म्हणजे?"

"पुसणार ती. स्वतःच्या हाताने. या घरात उभी राहून, नवरा शेजारी घेऊन. तोवर माझंच तोंड बघा."

"आणि नाही आली तर?"

"तर रंग दगड होईल आणि जन्मभर मलाच बघाल. तुमच्या मर्जीवर आहे."

"टॅबिथा, त्या पिपाणीवाल्याला मी माझ्या..."

"तर मग मी भिंतीवर."

चित्र पुन्हा चढलं. तेव्हापासून घरात फक्त चमच्यांचा आवाज. खुर्ची शेकोटीसमोर आहे, पण ते बसत नाहीत, येरझारा घालतात. जोनला वाटतं, धंद्यात खोट आली. काल रंगारखान्यात जाऊन कुणाला तरी विचारून आले, की तेलरंग किती लवकर वाळतो. मला कळलं, कारण त्या माणसाची बायको माझ्याकडे अंडी घेऊन येते.

आज मी स्वयंपाकघरात हे पत्र लिहायला बसले होते. वरचा मजकूर लिहून झाला होता. तुला एवढंच सांगायचं ठरवलं होतं, की आई झुकली नाही, बापही झुकला नाही, आणि तुला हे तिकडे कळावं. तेवढ्यात ते आत आले. डोक्यावर टोपी, हात पाठीमागे. चुलीकडे बघत म्हणाले, "तो काय खातो?"

"कोण?"

"तिचा नवरा. वाजवणाऱ्या माणसांना आंबट चालत नाही म्हणतात. घशाला."

मी लेखणी खाली ठेवली. म्हटलं, "मला काय माहीत? विचारून बघा."

ते उभे राहिले, मग बसले. हा कागद आपल्याकडे ओढून घेतला. मी वर काय काय लिहिलं आहे ते वाचू नका, असं मी म्हटलं, पण त्यांनी वाचलं असणार, कारण कान लाल झाले. यापुढचं अक्षर त्यांचं आहे.

साबिना,
आई लिहिते ते खरं आहे. रंग अजून कच्चा आहे. आज सकाळी मी स्वतः बोट लावून बघितलं. दोघंही या.
बाबा